मॅडम, आमच्या पोरीचा दोर कुणी धरलाय?

उन्हाळा लागला की माझा फोन तापायला लागतो. पालकांचे प्रश्न ठरलेले. "मॅडम, पाच दिवसांत आत्मविश्वास येईल ना? सहाव्या दिवशी आमचं महाबळेश्वरचं बुकिंग आहे." हा विनोद नाही, अगदी गांभीर्यानं विचारलेला प्रश्न आहे. एका आईला मुलाला उंचावर चढवून हवं होतं, पण उन्हात नको. एका वडिलांना मुलाची सांघिक भावना वाढवून हवी होती आणि त्याला झोपायला खोली मात्र एकट्याला हवी होती. मी "हो, बघू" म्हणते आणि फोन ठेवल्यावर भिंतीशी बोलते. भिंत निदान उलट प्रश्न विचारत नाही.

कराडच्या शाळेत सगळी नोकरी खेळ शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर घरी बसले असते तर सुनेला वैताग दिला असता, म्हणून औंधच्या पुढे माळावर भरणाऱ्या या शिबिरात आले. समोर यमाईचा डोंगर, मागं चिंचांची रांग आणि मधे आमचे खांब, तारा, फळ्या आणि दोर. माझी नणंद म्हणते, "वहिनी, या वयात सर्कशीत भरती झालात काय?" तिला समजावून सांगायचं मी सोडून दिलंय. तुम्हाला सांगते.

आमच्याकडे मुलं दोरांवर, फळ्यांवर, उंच ओंडक्यांवर चढतात. चढणाऱ्याच्या कमरेला पट्टा, डोक्यावर हेल्मेट. पट्ट्यातून निघालेला दोर वर तारेवरच्या कप्पीतून फिरून खाली येतो. खाली त्याच दोराला तीन-चार जण आपापल्या कमरपट्ट्यानं जोडलेले असतात. वरचा चढू लागला की खालच्यांनी एकदम, एका पावलानं मागं सरायचं, म्हणजे दोर ताठ राहतो. तो उतरू लागला की तसंच पुढं यायचं. एकानं जरी पाऊल चुकवलं तरी दोर सैल पडतो आणि वरचा ओंडक्याला मिठी मारतो. म्हणजे परीक्षा वरच्याची वाटते, पण असते खालच्यांची. खालच्यांमध्ये एक मोठं माणूस कायम असतं, त्यामुळं धोका नाही. पण मुलांना वाटतं, आपणच धरलंय. तसं वाटावं हेच तर शिबिर आहे.

दोरांचा सगळा कारभार सुभेदार हणमंतरावांकडे. फौजेतून निवृत्त झालेले, माणदेशातले. जमिनीवर पडलेल्या दोरावर कुणाचा पाय पडला की कलेक्टर असला तरी त्याला चार शब्द ऐकवतील. पोरांवर ते कधी ओरडत नाहीत. ओरडायचं काम माझं.

तर गोष्ट गेल्या वर्षीची. एका तुकडीत सांगलीच्या दोन मुली आल्या, सानिका शेटे आणि तन्वी शेटे. दोघी बारा-तेरा वर्षांच्या, एकाच आडनावाच्या, दिसायलाही सारख्या. मला वाटलं बहिणी असतील, बऱ्या रमतील. म्हणून दोघींना एका गटात टाकलं. एकूण गट दोनच होते.

पहिल्या दिवशी सकाळी मी सानिकाला म्हटलं, "हे हेल्मेट तन्वीला दे."

तिनं ते शेजारच्या मुलाच्या हातात ठेवलं. "हे तिला दे."

तन्वी हातभर अंतरावर उभी होती. तिनं हेल्मेट घेतलं आणि त्याच मुलाला म्हणाली, "तिला सांग, हे मला मोठं होतंय."

"तिला सांग, मग डोकं मोठं कर."

सांगलीच्या पाण्यातच काही असावं असं म्हणून मी पुढं गेले. पण तो प्रकार थांबेना. दुपारी फळ्यांचा खेळ होता. मैदान म्हणजे नदी समजायची, गटाकडे तीन फळ्या, आठ जणांनी त्यांवरून पलीकडं जायचं. कुणाचा पाय जमिनीला लागला की सगळे परत काठावर. साधा खेळ आहे. फक्त पुढच्यानं मागच्याकडून फळी मागून घ्यावी लागते. सानिका पुढं होती आणि तन्वी मागं. सानिका मागणार नाही आणि मागितल्याशिवाय तन्वी देणार नाही. गट पुन्हा पुन्हा बुडाला. दुसरा गट पलीकडं जाऊन सरबत पिऊन आला तरी आमचे आठ जण अजून अलीकडच्या काठावरच. एक गोबरा मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "मॅडम, या दोघींना नदीत सोडून आम्ही जाऊ का?"

मी तन्वीला बाजूला घेतलं. "काय भानगड आहे?"

"काही नाही. आमचं बोलणं नाही," ती म्हणाली. अगदी मोठ्या बायका म्हणतात तशी.

हळूहळू कळलं ते असं. दोघी सख्ख्या चुलत बहिणी. वडिलांची हळदीची पेढी एकत्र होती, दोन वर्षांपूर्वी भावाभावांत वाटण्या झाल्या. पेढ्या दोन झाल्या, घराच्या मधे भिंत आली. कोणाचं काय चुकलं ते मी विचारलं नाही आणि मला ऐकायचंही नव्हतं. पोरींना घरून सांगितलं होतं, त्यांच्याशी बोलायचं नाही. पोरींनी ते ऐकलं होतं. आपण सांगितलेल्या इतर शंभर गोष्टी मुलं ऐकत नाहीत, ही एक मात्र इमानानं पाळतात.

दोघी एकाच शिबिरात आल्या कशा? एका भावानं नाव घातलं म्हणून दुसऱ्यानं घातलं, दुसरं काय!

रोज संध्याकाळी आमच्या कार्यालयातून पालकांच्या मोबाइलवर फोटो जातात. दुसऱ्या दिवशीच्या एका फोटोत तन्वी दोराच्या शिडीवर चढत होती आणि खाली दोराला जोडलेल्या मुलांत सानिका होती. फोटो गेला आणि मी चहाचा कप उचलते न उचलते तोच फोन वाजला. धाकटे शेटे, तन्वीचे वडील, बसवराज.

"मॅडम, आमच्या पोरीचा दोर कुणी धरलाय?"

"गटातल्या मुलांनी. आणि मागं आमचे सुभेदार होते."

"त्यात ती थोरल्याची पोरगी हाय. न्हाई, पोरीबद्दल माझं काय म्हणणं न्हाई. पण उद्या काय झालं म्हंजे? आमच्या तन्वीला दुसऱ्या गटात टाका."

बघू म्हणून ठेवला, तर लगेच थोरल्यांचा. सानिकाचे वडील, शिवानंद शेटे. आवाज जड, पेढीवर बसून माणसांना तोडून बोलायची सवय.

"मॅडम, हे काय चालवलंय तुमी? त्यांच्या पोरीचा भार आमच्या पोरीनं वढायचा? आमच्या सानिकाला दुसऱ्या गटात टाका."

"शेटेसाहेब," मी म्हटलं, "गट दोनच आहेत. तुमचं ऐकून सानिकाला हलवलं आणि तुमच्या भावाचं ऐकून तन्वीला हलवलं, तर दोघी परत एकाच गटात येतात."

मग म्हणाले, "मग तिला न्हाई हलवायचं. फकस्त आमच्या पोरीला हलवायचं."

"मग तुमच्या भावाला काय सांगू?"

"त्याला काय सांगायचं ते तुमचं तुमी बघा. आमचं बोलणं न्हाई."

मी कुणालाच हलवलं नाही. तत्त्व वगैरे काही नव्हतं, वैताग होता. सुभेदार शेजारी बसून दोराची गुंडाळी करत होते. म्हणाले, "मॅडम, फौजेत असल्या दोघांना आमी एका खंदकात घालत हुतो."

"मग?"

"मग काय, एक तर बोलत्यात, न्हाईतर एकमेकाला हानत्यात. पर गप बसत न्हाईत."

तिसऱ्या दिवशी उंच ओंडक्याची पाळी होती. दोन खांबांवर, दुमजली घराच्या उंचीवर, एक आडवा ओंडका बांधलेला आहे. दोन जणांनी दोन टोकांकडून चढायचं, मध्ये भेटायचं, एकमेकांना ओलांडायचं आणि समोरच्या टोकाला उतरायचं. दोघांचे दोर वेगळ्या तारांवर. ओलांडताना एकमेकांना धरल्याशिवाय गत्यंतर नाही. कुठून कोण जाणार हेही बोलून ठरवावं लागतं, नाहीतर दोरांना पीळ बसतो. मुलांना सांगितलं, जोड्या तुमच्या तुम्ही लावा. पहिल्या दिवसाच्या नदीचा अनुभव सगळ्यांना होताच, त्यामुळं या दोघींना कुणी घेतलं नाही. उरल्या त्याच दोघी.

मी म्हणणार होते, राहू दे, तुमच्याबरोबर मी दुसरं कुणी देते. पण सानिका त्या गोबऱ्या मुलाला म्हणाली, "तिला भीती वाटत असली तर राहू दे म्हणावं."

तन्वी काही न बोलता शिडीच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली.

एका दोरावर तीन मुलांबरोबर मी, दुसऱ्यावर तीन मुलांबरोबर सुभेदार. दोघी चढल्या. चढायला पटाईत होत्या, हे कबूल केलं पाहिजे. सरकत सरकत मध्ये आल्या आणि समोरासमोर थांबल्या.

"धरा एकमेकींना!" मी ओरडले. "एकीनं डावीकडून!"

दोघी ढिम्म. खाली आमच्या माना दुखायला लागल्या. सानिका आभाळाकडं बघतेय, तन्वी डोंगराकडं. मी पुन्हा ओरडले. मग तन्वीचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता.

"मी किती दिवस दार वाजवत होते."

सानिकानं मान आणखी वर केली.

"गच्चीवरचं तुमच्या बाजूचं दार. रोज शाळेतनं आले की वाजवायचे. तू आत होतीस. तुझ्या चपला खालनं दिसायच्या मला."

"सानिका, तन्वी, आधी ओलांडा, मग बोला!" मी म्हणाले.

"मॅडम, तुम्ही थांबा जरा!" दोघी एकदम म्हणाल्या. शिबिर सुरू झाल्यापासून दोघींनी मिळून केलेली ती पहिली गोष्ट.

मग जे सुरू झालं त्याला भांडण म्हणतात. सानिका म्हणाली, "आणि तू? शाळेत सगळ्यांना सांगितलंस ना, आमच्या काकांनी आम्हाला फसवलं म्हणून? माझ्याबरोबर डबा खायला कुणी बसत नव्हतं." तन्वी म्हणाली, "मी एकीलाच सांगितलं होतं." "एकीला सांगितलं की शाळेला कळतं, शहाणे!" मग जुनं जुनं निघालं. कुणी कुणाचा राखाडी स्वेटर परत दिला नाही, कोण कुणाच्या वाढदिवसाला खिडकीत उभं होतं पण आलं नाही. खाली पोरं तोंड उघडं टाकून ऐकतायत. स्वयंपाकघरातून मावशी विचारून गेल्या, आमटी गार होतेय, वाढू का? मी दोराला जुंपलेली, हलता येईना. मुलांना सैल सोडा म्हणता येत नाही, वरच्यांना गप्प बसा म्हणता येत नाही. इतकी वर्षं मैदानावर काढली, पण ज्यांना ओरडून उपयोग नाही अशी पोरं त्या दिवशी भेटली.

"सुभेदार, उतरवायचं का?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या. दोर ताठ हाय. भांडूद्यात."

शेवटी सानिका म्हणाली, "मी ऐकत होते दार वाजवलेलं. आई शेजारी बसलेली असायची. मला उठू देत नव्हती. तू वाजवायचं बंद केलंस ना, त्या दिवशी मी जेवले नाही."

मग तन्वीनं बाहीला नाक पुसलं आणि म्हणाली, "डावीकडून तू जातेस का मी जाऊ?"

"तू जा. माझा दोर उजवीकडं आहे."

दोघींनी एकमेकींना धरलं. ओलांडण्यासाठी जितकं धरावं लागतं त्यापेक्षा बराच वेळ धरलं. मग सरकल्या आणि उतरल्या. दोरांना पीळ बसला नाही. मी नियमाप्रमाणं टाळ्या वाजवायला सांगणार होते, पण सुभेदारांनी हातानंच नको म्हटलं. आम्ही गार आमटी जेवलो.

इथं गोष्ट संपली असती तर मीही निवांत झाले असते. पण शेवटच्या दिवशी पालक येतात. त्या दिवशी प्रत्येक मूल उंच खांबावर चढून वरची घंटा वाजवतं आणि खाली दोराला पालक असतात. ही कल्पना माझी. लांबून मोबाइल धरून "बाळा, इकडं बघ" करणाऱ्यांना जरा दोराला जुंपावं, एवढाच हेतू.

दोन्ही शेटे आले. गाड्या मैदानाच्या दोन टोकांना. थोरले आल्या आल्या सगळ्यांदेखत माझ्यावर घसरले. "मी सांगितलं हुतं का न्हाई? एक साधं काम हुईना तुमच्याच्यानं. पैसे मोजून पाठवलंय पोरीला. बास झालं, चल गं सानिका."

सानिका पट्टा बांधून खांबाशी उभी होती. "बाबा, माझा नंबर आहे," ती म्हणाली आणि जागची हलली नाही. पुढं येऊन सुभेदारांनी थोरल्यांच्या कमरेला पट्टा कधी अडकवला ते त्यांनाही कळलं नसावं. पोट जरा मोठं, पट्टा ओढून बसवावा लागला.

नियम असा की सुभेदार मध्ये आणि दोन बाजूंना दोन पालक. दोघं जोडल्याशिवाय मूल चढत नाही. सानिकाची आई आली नव्हती. मी आजूबाजूला बघत होते, तेवढ्यात सानिकानं खांबाला हात टेकून हाक मारली.

"काका, तुम्ही या ना."

बसवराज शेटे तन्वीशेजारी उभे होते. दोन वर्षांत पुतणीनं मारलेली पहिली हाक. त्यांनी भावाकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, मोबाइल खिशात ठेवला, परत काढला. तन्वीनं त्यांच्या हातातला मोबाइल काढून घेतला. "जावा की पप्पा. ती थांबलीय."

आले. मान खाली घालून आले. सुभेदारांनी पट्टा जोडला. "दोघांनी माझ्याबरुबर पाय टाकायचा. दुसरं काय बगायचं न्हाई, पोरीकडं बगायचं."

सानिका चढू लागली. तिघं मागं सरू लागले. थोरले लांब ढांगा टाकणारे, धाकटे तुरुतुरु. पहिली काही पावलं भयंकर. मग जमलं, कारण दुसरा उपायच नव्हता. अर्ध्याच्या वर सानिकाचा पाय सटकला. काही विशेष नाही, असं रोज होतं. ती वीतभर खाली आली, दोरानं तिला झेललं, पण खाली तिघांना एकदम पुढं हिसका बसला.

"मागं सर, बसू! मागं!" थोरले ओरडले.

"सरलोय! तू सर की!"

बसू हे नाव त्यांनी किती दिवसांनी उच्चारलं असेल कोण जाणे. दोघं टाचा रोवून उभे राहिले. दोघांच्या मानेच्या शिरा ताठ. वर सानिकाला पायरी सापडली, तिनं घंटा वाजवली आणि ती उतरेपर्यंत दोघं एका पावलानं पुढं आले.

आता तुम्हाला वाटेल गळाभेट झाली. काही झाली नाही. पट्टे सोडले, शर्ट नीट केले, दोघं मैदानाच्या आपापल्या टोकाला गेले. तन्वीचा नंबर आला तेव्हा तिचे आई-वडील होते. थोरले तोवर सांगलीच्या वाटेला लागले होते.

दुसऱ्या आठवड्यात शिबिराच्या मालकांचा मला फोन. थोरल्या शेट्यांची तक्रार आली होती. पालकांना आधी न सांगता दोराला बांधलं, त्यात त्यांची बेअदबी झाली, पाठीत उसण भरली ती वेगळीच. मालक तरुण आहेत, तक्रारीला घाबरतात. म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षीपासून पालकांना दोर नको." मी वाद घातला. उंच ओंडका काढा, फळ्या काढा, पण हे राहू द्या म्हटलं. नाही म्हणजे नाही. शिबिरातली मला पटलेली एकच गोष्ट बंद झाली, तीही ज्याच्या पदरात काही पडलं त्याच्याच तक्रारीवरून. त्या दिवशी मी सुनेला खरंच वैताग दिला.

यंदा दोघी पोरी पुन्हा आल्या. हेल्मेट एकमेकींच्या हातात देत होत्या आणि दिवसभर इतकं बोलत होत्या की मला त्यांना वेगळ्या गटांत टाकावं लागलं. शेवटच्या दिवशी पालक आले. गाड्या याही वेळी दोनच होत्या, जरा जवळ लावलेल्या. दोर टाकलेले असतात त्या ठिकाणी पालकांसाठी आता खुर्च्या मांडल्या होत्या. दोराला आमची दोन पोरं आणि सुभेदार. सानिका खांबावर चढायला लागली आणि थोरले शेटे खुर्चीतून उठून तडक माझ्यापाशी आले. गेल्या वर्षीसारख्या पायात वहाणा नाहीत, बूट. शर्टच्या बाह्या दुमडलेल्या.

"मॅडम, पट्टा कुठाय?"

"कसला पट्टा?"

"कसला म्हंजे? दोर धरायचा. आईबापानं धरायचा असतोय ना हितं?"

"शेटेसाहेब," मी दातओठ खात म्हणाले, "ते बंद झालं. तुमच्याच तक्रारीमुळं."

तक्रारीचं त्यांच्या ध्यानातही नसावं. मग हात पसरून, जणू सगळी चूक माझीच, म्हणाले, "मग आमी हितं येऊन करायचं काय, सांगा की?"

मी खुर्चीकडं बोट दाखवणार होते. पण त्यांच्या पाठीमागच्या खुर्चीतून धाकट्याचा आवाज आला.

"गप उभा ऱ्हा की दादा. पोरगी वर हाय."

थोरले तिथंच, खुर्चीला हात टेकून, वर बघत उभे राहिले.